मुक्कामाचा हक्क: शिकोकू बेटावरील आतिथ्यविचार

शिकोकू हे जपानच्या चार प्रमुख बेटांपैकी सर्वांत लहान बेट आहे. त्याच्या उत्तरेला सेतोचा शांत अंतर्देशीय समुद्र, दक्षिणेला प्रशांत महासागराचा खुला किनारा आणि मध्यभागी दाट अरण्याचे डोंगर अशी रचना असल्यामुळे वस्ती आणि वाटा मुख्यतः कडेकडेने वाढल्या, आणि 88 बौद्ध मंदिरांना जोडणारा सुमारे 1,200 किलोमीटरचा प्रदक्षिणामार्गही बव्हंशी त्याच कडेने घडत गेला. ह्या मार्गाला आणि त्यावरून चालणाऱ्या यात्रेकरूलाही जपानी भाषेत ‘हेन्‌रो’ म्हणतात. पायी चालणाऱ्याला ही प्रदक्षिणा पुरी करायला साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे चाळीस-पन्नास रात्री त्याला कोणाच्या ना कोणाच्या छपराखाली काढाव्या लागतात. यात्रेविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा मंदिरांकडे जाते. परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने अधिक अवघड प्रश्न मंदिरांत उपस्थित होत नाही, तो संध्याकाळी, मुक्कामाच्या दाराशी उपस्थित होतो. दमून आलेल्या अनोळखी माणसाला दार उघडणे हे दान आहे, व्यवहार आहे, की तो त्या माणसाचा हक्क आहे?

यात्रेच्या केंद्रस्थानी असलेली व्यक्ती म्हणजे कूकाई (774–835), ज्याला मृत्यूनंतर 921 साली ‘कोबो दाइशी’ ही पदवी मिळाली. ‘दाइशी’ म्हणजे महान आचार्य. त्याचा जन्म शिकोकूवरील सानुकी प्रांतातला. 804 साली तो चीनला गेला, तिथे चांगआन नगरीत हुइगुओ ह्या आचार्यांकडून त्याने मंत्रयानाची दीक्षा घेतली, आणि त्याच नगरीत राहणाऱ्या प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून तो संस्कृत शिकला. परतल्यावर त्याने स्थापन केलेल्या शिंगोन पंथात संस्कृत बीजाक्षरे सिद्धम् लिपीत लिहिण्याची प्रथा आजतागायत टिकून आहे, आणि हेन्‌रोच्या गवती टोपीवरही असे एक बीजाक्षर असते. परंपरा सांगते की 815 साली कूकाईने स्वतः ही यात्रा सुरू केली. इतिहासाला मात्र हे मान्य करणे कठीण जाते, कारण 88 ह्या संख्येत बांधलेली, क्रमांक दिलेली मंदिरमालिका सतराव्या शतकापूर्वी स्पष्टपणे दिसत नाही. 1687 साली शिन्नेन नावाच्या एका फिरत्या साधूने ह्या मार्गाची पहिली मार्गदर्शिका छापली. त्याने वाटेवर दिशादर्शक दगड रोवले आणि, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, दोन मंदिरांमधले अंतर जिथे फार लांबते अशा टापूत यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी झोपडी बांधली. मार्गदर्शिकेचा कर्ता आणि निवाऱ्याचा कर्ता एकच असावा, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

ही यात्रा वर्तुळाकार आहे, आणि तिच्या स्वरूपाविषयीचा मूलभूत मुद्दा इथेच आहे. पंढरीच्या वारीला गंतव्य आहे. विठ्ठलाच्या पायाशी पोहोचले की चालणे कृतार्थ होते. शिकोकूत अठ्ठ्याऐंशीव्या मंदिरापाशी असे काही घडत नाही, उलट पुष्कळ यात्रेकरू तिथून पुन्हा पहिल्या मंदिराकडे जाऊन वर्तुळ मिटवतात. बेटाच्या चार प्रांतांना बोधिचित्ताचा उदय, साधना, बोधी आणि निर्वाण अशा चार अवस्थांची नावे दिलेली आहेत खरी, पण निर्वाणाच्या प्रांतातून बाहेर पडलेली वाट पुन्हा बोधिचित्ताच्या प्रांतातच शिरते, आणि ह्या रचनेतला सूक्ष्म विनोद पंथाच्या आचार्यांच्या ध्यानात आला नसेल असे वाटत नाही. मराठी वाचकाला ह्याच्याशी जवळची वाटेल ती नर्मदा परिक्रमा. तिथेही पोहोचायचे कुठेच नसते, नदी सतत उजव्या हाताला ठेवून फिरायचे असते, आणि काठावरच्या गावांनी चालवलेल्या सदावर्तावर, म्हणजे परिक्रमावासीयाला शिधा किंवा जेवण देण्याच्या अखंड व्रतावर, सारी यात्रा उभी असते. गंतव्य नसलेल्या प्रवासात मुक्काम ही दोन टप्प्यांमधली केवळ सोय राहत नाही. चालणे आणि थांबणे ह्यांखेरीज अशा यात्रेत दुसरे काही नसतेच, त्यामुळे थांबण्यालाही चालण्याइतकेच साधनेचे मोल येते.

थांबण्याच्या जागांचे शिकोकूत अनेक प्रकार आहेत. मंदिराने चालवलेल्या यात्रीनिवासाला ‘शुकुबो’ म्हणतात. मंदिराच्या आवारात विनामूल्य पाठ टेकायला मिळणारी साधी जागा म्हणजे ‘त्सुयादो’. पुण्यप्राप्तीसाठी एखाद्या गृहस्थाने आपल्या घरात वा अंगणातल्या खोलीत दिलेल्या मोफत निवाऱ्याला ‘झेन्कोन्‌यादो’ असे नाव आहे. पूर्वी ‘किचिन्‌यादो’ असत, जिथे यात्रेकरू केवळ सरपणाचे पैसे देई आणि स्वतःजवळचा तांदूळ शिजवून खाई. आज सर्वाधिक आढळतात ती ‘मिन्शुकू’, म्हणजे एखाद्या कुटुंबाने आपल्या राहत्या घरातच चालवलेली छोटी पाहुणेघरे, जिथे दोन वेळच्या जेवणासह एका रात्रीचे पैसे आकारले जातात. मिन्शुकूच्या दारात पाण्याची बादली आणि फडके ठेवलेले असते, आणि त्याचा उपयोग यात्रेकरूच्या पायांसाठी नसतो. यात्रेकरूच्या हातातली काठी, जिला ‘कोन्‌गोझुए’ अर्थात वज्रदंड म्हणतात, ती साक्षात कोबो दाइशीचे रूप मानली जाते; म्हणून दारात आल्यावर प्रथम काठीचे टोक धुवून पुसायचे, तिला घरात मानाच्या जागी उभे करायचे, आणि मगच स्वतःचे जोडे सोडायचे असा रिवाज आहे. त्यानंतर कढत पाण्याचे स्नान, तातामी चटयांची खोली, समोर ठेवलेले भात, सूप आणि लोणच्यांचे वाडगे, आणि दक्षिणेकडच्या कोची प्रांतात असल्यास पेंढ्याच्या जाळावर वरवर भाजलेला कात्सुओ मासा, जो कोकण किनाऱ्यावरच्या कुप्याचा भाऊबंद आहे. घरधनीण पुष्कळदा यात्रेकरूचे घामट कपडे आपणहून धुवून देते, सकाळी निघताना हातात भाताचे मुटके ठेवते, आणि ह्याचे पैसे मात्र घेत नाही.

एकाच छपराखाली खोलीचे पैसे घेतले जातात आणि धुण्याचे घेतले जात नाहीत, ह्यात विसंगती आहे का? ह्या विनामूल्य भागाला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. ओसेत्ताई म्हणजे यात्रेकरूला वाटेत दिलेली भेट: संत्री, चहा, नाणी, रात्रीचा निवारा, कधी नुसती सावली. तिचे दोन नियम आहेत. पहिला असा की यात्रेकरूने ती नाकारायची नाही, कारण देणारा ती व्यक्तीला देत नसून तिच्यासोबत चालणाऱ्या दाइशीला देतो. प्रत्येक यात्रेकरू एकटा असला तरी दाइशीसह दोघे असतात अशी श्रद्धा टोपीवर आणि झोळीवर ‘दोग्यो निनिन’ ह्या शब्दांत लिहिलेली असते. दुसरा असा की घेणाऱ्याने बदल्यात आपल्या नावाची कागदी चिठ्ठी, ‘ओसामेफुदा’, द्यायची. जुन्या घरांत अशा चिठ्ठ्या भाताच्या पेंढ्याच्या पोत्यात भरून ते पोते संरक्षक ताईत म्हणून छताला टांगून ठेवीत. पहिल्या काही फेऱ्या करणाऱ्याची चिठ्ठी पांढरी असते आणि शंभर फेऱ्या झालेल्याची जरीची. ती जरीची चिठ्ठी मिळावी म्हणून लोक धडपडतात, तेव्हा पुण्यालाही बाजारभाव असतो हे ह्या भाविक बेटाने लपवून ठेवलेले नाही.

मार्सेल मॉस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की कोणत्याही समाजात निव्वळ मोफत भेट अशी नसते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटीच्या पोटातच असतात. ओसेत्ताईला हे वर्णन वरवर चपखल बसते, कारण भेट आहे, स्वीकाराची सक्ती आहे आणि चिठ्ठीची परतफेडही आहे. महायान बौद्ध विचाराने मात्र ह्या साखळीला तोडण्याचा एक मार्ग शोधला होता, आणि तो शिकोकूच्या वाटेवर अपरिचित नाही, कारण प्रत्येक मंदिरात म्हटले जाणारे प्रज्ञापारमिताहृदय हे सूत्र त्याच विचारधारेतले आहे. त्याला ‘त्रिमंडलपरिशुद्धी’ म्हणतात: दाता, प्रतिग्रहीता आणि देय वस्तू ह्या तिघांनाही स्वतंत्र स्वभाव नाही हे ओळखून दिलेले दान तेवढे शुद्ध, मग देणाऱ्याच्या मनात ‘मी दिले’ ही गाठ उरत नाही आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर ऋण उरत नाही. सिद्धांत म्हणून हे निर्दोष आहे. परंतु दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर त्यात एक उणीव राहते. दार उघडल्यावर मन कसे असावे हे तो सांगतो, दार उघडलेच पाहिजे असे मात्र तो सांगत नाही.

ती उणीव बेटाच्या लोककथांनी आपल्या पद्धतीने भरून काढली आहे, आणि त्या कथा चमत्कारिकरीत्या आतिथ्याच्या नाहीतच, त्या नकाराच्या आहेत. इयो प्रांतातला एमोन साबुरो हा धनाढ्य मनुष्य दाराशी आलेल्या एका मळकट भिक्षूला वारंवार हाकलून देतो आणि शेवटी त्याचे भिक्षापात्र फोडतो. मग त्याची आठही मुले एकामागून एक मरतात, तो भिक्षू दाइशीच होता हे त्याला उमगते, आणि क्षमा मागण्यासाठी तो बेटाभोवती वीस फेऱ्या घालतो. भेट होत नाही, तेव्हा एकविसाव्या फेरीला तो उलट दिशेने निघतो आणि मरणासन्न अवस्थेत बाराव्या मंदिराच्या चढावर त्याला दाइशी भेटतात. पुढच्या जन्मी तो हातात दगड घेऊन जन्मला असे सांगतात, आणि तो दगड मात्सुयामा येथील एकावन्नाव्या मंदिरात, इशितेजीत, दाखवला जातो. दुसरी कथा ओझू गावाजवळच्या पुलाची आहे. तिथे दाइशींना एका रात्री कोणीच आसरा दिला नाही, त्यांना पुलाखाली कुडकुडत निजावे लागले, आणि ती एक रात्र दहा रात्रींएवढी लांबली. ते अजूनही कुठल्या तरी पुलाखाली निजलेले असतील म्हणून आजही यात्रेकरू पुलावरून जाताना काठी टेकवत नाहीत. बेटावरचा हा सर्वांत व्यापक आचारनियम एका न मिळालेल्या मुक्कामाची आठवण आहे.

ह्यावरून असे म्हणता येते की शिकोकूचा आतिथ्यधर्म औदार्याच्या स्मृतीवर उभारलेला नसून नकाराच्या स्मृतीवर उभारलेला आहे, आणि त्याचे वेगळेपण इथेच आहे. भारतीय स्मृतिग्रंथांनी अतिथिसेवेला पंचमहायज्ञांत स्थान दिले, ही गोष्ट मोठीच. पण त्याच ग्रंथांनी पात्रतेचा विचारही शेजारीच बसवला, इतका की मनुस्मृतीत ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियाला अतिथी मानलेले नाही, मग वैश्य-शूद्रांची गोष्टच नको. एमोन साबुरोच्या कथेने पात्रता तपासण्याची वाट बंद केली. समोरचा भिकारी भिकारीच आहे की दाइशी, हे यजमानाला कधीच निश्चित कळू शकत नाही, आणि त्याच्या ह्या अज्ञानावरच त्याचे कर्तव्य बेतलेले आहे. मुक्कामाला येणारा पैसे देणारा आहे की फुकटचा, हा भेदही मग दुय्यम ठरतो. मिन्शुकूची मालकीण खोलीचे पैसे माणसाकडून घेते आणि कपडे दाइशीचे धुते, असे म्हटले तर तिच्या वागण्यात विसंगती उरत नाही.

आदर्श इथे संपतो आणि इतिहास सुरू होतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, आजारी, निर्धन आणि गावाला नकोसे झालेले अनेक लोक ह्या यात्रेला लावून दिले जात. त्यांच्याजवळच्या परवान्यात असे नमूद असे की हा मनुष्य वाटेत मेल्यास स्थानिक रीतीने पुरावा, गावी कळवण्याची गरज नाही. हेन्‌रोचा पांढरा अंगरखा हेच कफन आणि काठी हीच थडग्यावरची खूण, हा संकेत त्यांच्या बाबतीत शब्दशः खरा होता. दक्षिणेच्या तोसा संस्थानाने यात्रेकरूंनी कोणत्या नाक्यातून शिरावे, किती दिवसांत बाहेर पडावे ह्यावर कडक निर्बंध घातले. त्यानंतरच्या मेइजी काळात भीक मागत फिरणाऱ्या यात्रेकरूंना पोलीस हुसकावून लावीत. सर्वांत वाईट दशा कुष्ठरुग्णांची झाली. घरातून निघालेले हे लोक वर्षानुवर्षे बेटाभोवती फिरत राहिले, कारण परत जायला घर नव्हते, आणि पैसे देऊन राहायच्या यात्रीनिवासांतही त्यांना घेत नसत. ते मंदिरांच्या जोत्याखाली आणि नदीकाठी निजत.  पुढे 1907 सालच्या कायद्याने भटक्या कुष्ठरुग्णांना पकडून कोंडण्याची व्यवस्था सुरू झाली होती आणि ताकामात्सुजवळच्या ओशिमा ह्या छोट्या बेटावर 1909 पासून त्यांच्यासाठी वसाहत उघडली होती. ज्या बेटाने पुलाखाली निजलेल्या दाइशीसाठी काठी उचलून धरली, त्याला खऱ्याखुऱ्या पुलाखाली निजणारा ओळखता आला नाही. नकाराची स्मृती जपणाऱ्या परंपरेलाही नकार कोणाचा लक्षात ठेवायचा ह्याची निवड करावी लागते, आणि बहुधा ती अशी निवड करते की जिच्यातून शेवटी देवच प्रकट होईल.

म्हणून आतिथ्याचा प्रश्न केवळ श्रद्धेवर सोपवता येत नाही. इमॅन्युएल कांटने 1795 साली लिहिलेल्या चिरशांतिविषयक निबंधात आतिथ्य हा परोपकाराचा नव्हे, हक्काचा विषय आहे असे ठामपणे मांडले. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत, फिरून एकमेकांच्या दाराशी येणारच, आणि म्हणून परक्याला शत्रुवत वागणूक न मिळण्याचा हक्क आहे, हा त्याचा युक्तिवाद वर्तुळाकार बेटाला विशेष लागू पडतो. मात्र कांट सावध आहे. परक्याला भेटीला येण्याचा हक्क तो देतो, पाहुणा म्हणून राहण्याचा देत नाही. तेवढी पायरी पुढे गेला तो जपानचा 1948 सालचा निवासव्यवसाय कायदा, ज्याच्या पाचव्या कलमानुसार पैसे घेऊन मुक्काम देणाऱ्याला, काही मोजकी कारणे सोडता, आलेल्याला नकार देता येत नाही. ह्या कोरड्या कलमाची धर्मविचारात दखल घेतली जात नाही, ती घ्यायला हवी. मोफत निवारा देणारा झेन्कोन्‌यादोचा मालक कोणालाही न सांगता दार लावू शकतो, कारण दानाची सक्ती नसते. मिन्शुकूच्या मालकिणीला ती मुभा नाही. पैशाने आतिथ्य भ्रष्ट होते ही समजूत इथे उलटी पडते, कारण मोबदला घेतल्यामुळेच यजमान कायद्याला बांधला जातो आणि दाराशी आलेला माणूस याचक न राहता हक्कदार होतो.

हे नुसते तर्कट नाही. जपानमधला कुष्ठरुग्णांना कोंडणारा कायदा 1996 साली रद्द झाला आणि 2001 साली कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाविरोधी होता असा निर्णय दिला. तरीही 2003 साली शेजारच्या क्यूशू बेटावरील एका हॉटेलाने पूर्णपणे बऱ्या झालेल्या माजी रुग्णांच्या सहलीला खोल्या नाकारल्या. तेव्हा त्यांच्या मदतीला कोणतीही दंतकथा आली नाही, 1948 चा कायदा आला, आणि त्याच्याखाली त्या हॉटेलावर कारवाई झाली. 2014 साली, ज्या वर्षी शिकोकूत यात्रेचे परंपरेने मोजलेले 1,200 वे वर्ष साजरे होत होते, त्याच वर्षी वाटेवरच्या काही विश्रांतीच्या झोपड्यांत कोरियन यात्रेकरूंविरुद्ध चिकटवलेले द्वेषाचे कागद आढळले. ह्या झोपड्या ओसेत्ताईच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या होत्या, आणि त्यांच्या भिंतींवर काय चिकटवले जाते ह्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

ह्याचा अर्थ ओसेत्ताई निरर्थक आहे असा नाही. घामट कपडे धुवून देण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही आणि करू नये. ते दाइशीच्या खात्यावरच राहिलेले बरे. पण छप्पर आणि दार ह्या गोष्टी त्या खात्यावर टाकता येत नाहीत, आणि हे जाणणारे लोक परंपरेच्या आतही होते, जसा झोपडी बांधणारा शिन्नेन होता. महाराष्ट्रातही वारीच्या वाटेवर अन्नदानाला कधी तोटा नव्हता आणि संतांच्या समतेचा घोष अखंड चालू होता, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात पाठ टेकायला हक्काची जागा नव्हती. ती हवी म्हणून गाडगेबाबांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.